ठासणीचं जुनं रिव्हॉल्व्हर पहिल्यांदा बघताना काय काय बघायचं

जुन्या रिव्हॉल्व्हरचा किडा एकदा डोक्यात शिरला की माणूस आधी नुसते फोटो बघत बसतो, आणि फोटोत सगळंच भारी दिसतं. मग कुणीतरी 'हे आमच्या पणजोबांनी लढाईत वापरलेलं' असं सांगत एखादं पुढे करतो आणि आपण गोष्ट ऐकता ऐकताच खिशात हात घालतो. मी पण तेच केलं होतं, म्हणून सांगतोय. खाली लिहिलेला क्रम पाळा: आधी लोखंड, मग नंबर, मग कागद. गोष्ट सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर.

हे प्रकरण नेमकं काय ते आधी बघू. पितळी काडतूस यायच्या आधी दारू, गोळी आणि ठिणगी ह्या तीन वेगवेगळ्या गोष्टी होत्या. सिलेंडरच्या, म्हणजे मधल्या फिरत्या नळकांड्याच्या, प्रत्येक घरात समोरून काळी दारू ओतायची, वर शिशाची गोळी ठेवायची आणि नळीखाली जो दांडा असतो त्यानं ती ठासायची, गोळी घरापेक्षा केसभर मोठी असते म्हणून ठासताना शिशाची बारीक कडी सोलून बाहेर पडते. मागच्या बाजूला प्रत्येक घराला भोक असलेला एक छोटा निपल असतो, त्यावर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की टोपीतला मसाला पेटतो आणि ठिणगी भोकातून आत जाते. कलेक्टर लोक, म्हणजे जुनी हत्यारं जमवणारे, ह्यालाच पर्कशन किंवा कॅप-अँड-बॉल म्हणतात. आपटून पेटणाऱ्या मसाल्याची कल्पना अलेक्झांडर फोर्सिथ ह्या स्कॉटिश पाद्र्याची, त्याचं पेटंट १८०७चं. सॅम्युअल कोल्टचं अमेरिकन पेटंट २५ फेब्रुवारी १८३६चं. आणि १८७०च्या आसपास काडतुसं आली की हा खेळ संपला. म्हणजे जेमतेम पस्तीस वर्षांचा काळ, आणि त्यातच एवढे प्रकार झाले की एका जन्मात बघून होणार नाहीत, कलेक्टर वेडे होतात त्याचं अर्धं कारण हेच.

भरलेलं तर नाही ना

हे हसण्यावारी नेऊ नका. दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी भरून ठेवलं, उडवायची वेळ आली नाही, तसंच पेटीत पडलं, असे नग आजही निघतात. काळी दारू कोरडी राहिली तर खराब होत नाही, ती तेव्हा जेवढी जिवंत होती तेवढीच आज आहे. त्यामुळे हातात घेतल्याबरोबर नळी कुणाच्याही दिशेला नाही हे बघा, बोट चापापासून लांब ठेवा आणि मागून निपलांकडे नजर टाका, एखाद्यावर टोपी अडकलेली दिसली तर तिथेच थांबा. टोपी नसेल तर बाजूनं टॉर्च मारून सिलेंडरच्या घरांच्या तोंडात बघा. रिकामं घर खोल आणि काळं दिसतं, तळाशी निपलाचं भोक असतं. भरलेल्या घरात मात्र करडी शिशाची चकती दिसते, कधी त्यावर वाळलेली चरबी पण असते. शंका आली तर लाकडी काडी आत सोडून प्रत्येक घराची खोली मोजा, एखादं घर बाकीच्यांपेक्षा उथळ निघालं की तिथे काहीतरी आहे. नळीत पण काडी घालून बघा, अडकलेली गोळी तिथे पण सापडते. भरलेलं निघालं तर स्वतः उकरू नका, तापवू नका, स्क्रू ड्रायव्हर घालू नका, जुनी हत्यारं हाताळणाऱ्या गनस्मिथकडे द्या. बस.

आणि हो, रिकामं असलं तरी घोडा चढवून खट्कन आपटून बघायची हौस नको. निपल ठेचले जातात आणि घोड्याचं तोंड पण. समोरच्याचा मूड पण जातो.

हे आहे तरी कुठलं

नवशिक्याला सगळीच सारखी दिसतात. सोपी युक्ती म्हणजे सिलेंडरच्या वर बघा. सिलेंडर वरून उघडा असेल, म्हणजे फ्रेमचा पट्टा वरून गेलेला नसेल आणि नळी पुढे एका पाचरीनं अडकवलेली असेल तर ती कोल्टची पद्धत. वरून लोखंडी पट्टा जात असेल तर रेमिंग्टन, अ‍ॅडम्स वगैरेंपैकी काहीतरी. ही एवढी एकच गोष्ट कळली तरी अर्धी गर्दी बाजूला होते.

कोल्टमध्ये पहिलं पॅटरसन, न्यू जर्सीतल्या पॅटरसन गावात बनलेलं, पाच बारी (म्हणजे सिलेंडरला पाच घरं), आणि चाप आत दडलेला, घोडा चढवला की खाली येतो. ती कंपनी १८४२ मध्ये बुडाली. मग १८४७चा वॉकर, त्याच्याबद्दल पुढे बोलूच. मग ड्रॅगून, आणि मग ज्यांच्याशी नवशिक्याची खरी गाठ पडते ते तीन: १८४९चं पॉकेट, १८५१ची नेव्ही आणि १८६०ची आर्मी. पॉकेट .३१ कॅलिबरचं (कॅलिबर म्हणजे नळीच्या तोंडाची रुंदी, इंचात) आणि लहानखुरं, पर्कशन कोल्टमध्ये सगळ्यात जास्त बनलेलं, तीन लाखांच्या वर. नेव्ही .३६, साडेसात इंची आठकोनी नळी, हार्टफर्डमध्ये सुमारे २,१५,००० आणि लंडनमध्ये सुमारे ४२,००० बनल्या. आर्मी .४४, आठ इंची गोल नळी, सुमारे दोन लाख.

नेव्हीच्या सिलेंडरवर समुद्री लढाईचं चित्र रोलरनं दाबून उठवलेलं असतं, टेक्सासचं आरमार विरुद्ध मेक्सिकोचं, तारीख पण त्यावरच असते, १६ मे १८४३. त्यावर शिडांच्या जहाजांच्या डोलकाठ्या भिंगातून मोजता आल्या तर सिलेंडर उत्तम अवस्थेत आहे असं समजा, बहुतेकांवर नुसतं लाटांसारखं काहीतरी उरलेलं असतं. पॉकेटवर घोडागाडी लुटायचा सीन आहे, वॉकर आणि ड्रॅगूनवर टेक्सासचे रेंजर्स आणि कोमांची आदिवासी ह्यांची लढाई. ही चित्रं कोरणारा वॉटरमन ऑर्म्सबी हा बँकनोटांच्या प्लेट कोरणारा माणूस होता, म्हणूनच रेघा इतक्या बारीक आहेत. कोल्टला ते नुसतं सजावट म्हणून नको होतं, नक्कल करणाऱ्याला असं चित्र जमू नये हाही हिशोब होता.

इंग्लिश मालाचं शास्त्र वेगळं. रॉबर्ट अ‍ॅडम्सचं १८५१चं रिव्हॉल्व्हर बघा, फ्रेम आणि नळी एकाच लोखंडातून घडवलेली, पाच बारी, आणि घोड्याला अंगठ्यानं ओढायची शेपटीच नाही, चाप ओढला की घोडा आपोआप चढतो आणि पडतो. त्याच वर्षी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या मोठ्या प्रदर्शनात कोल्ट आणि अ‍ॅडम्स दोघांचा माल मांडलेला होता आणि कुठलं चांगलं ह्यावरचं भांडण तेव्हापासून आजपर्यंत चालूच आहे. पुढे फ्रेडरिक बोमाँट ह्या लेफ्टनंटनं सुधारणा केली, आता अंगठ्यानं पण चढवता येतं आणि नुसत्या चापानं पण, ते बोमाँट-अ‍ॅडम्स. इथे नवशिक्या दोन ठिकाणी हमखास फसतो. एक म्हणजे वरच्या पट्ट्यावर कोरलेलं नाव बऱ्याचदा विकणाऱ्या दुकानदाराचं असतं, बनवणाऱ्याचं नाही. आणि दुसरं, कॅलिबर इंचात नाही तर 'बोअर'मध्ये लिहितात, ५४ बोअर म्हणजे एक पौंड शिशातून ५४ गोळ्या होतील एवढं तोंड, साधारण .४४ इंच. म्हणजे आकडा मोठा तितकं तोंड लहान. १२० बोअर ऐकून तोफ डोळ्यांसमोर आणू नका, ते खिशातलं आहे.

प्रूफ मार्क म्हणजे दारूची चाचणी घेतल्याचे शिक्के, ते सिलेंडरवर आणि नळीवर असतात आणि देश सांगतात. लंडनचा मुकुटाखाली 'व्ही' आणि मुकुटाखाली 'जीपी'. बेल्जियममधल्या लीएजचा अंडाकृती चौकटीत 'ईएलजी'. ह्या अंडाकृतीवर मुकुट दिसला तर सावध व्हा, मुकुट १८९३ मध्ये आला, ठासणीचा जमाना संपून वीस वर्षं झाल्यावर. लीएजमध्ये कोल्टच्या धर्तीवरचा माल भरपूर बनला, काही परवान्यानं आणि बराच विनापरवाना, त्यामुळे 'कोल्टसारखं दिसतंय पण कोल्ट नाही' ही तिथली नेहमीची तऱ्हा आहे. तो माल टाकाऊ नाही बरं, फक्त कोल्टच्या भावात घेऊ नका.

नंबर जुळवणं

इथे वेळ घालवा. खरी मजा आणि खरे पैसे दोन्ही इथेच आहेत.

कोल्ट उलटं धरा. पुढून मागे जाताना नळीच्या बुडाला, मग फ्रेमला, मग चापाच्या कडीला आणि शेवटी मुठीच्या तळाच्या पट्टीला, असे एकामागोमाग सिरियल नंबर दिसतील. सगळे एकच पाहिजेत. सिलेंडरवर पण तोच नंबर असतो. पाचरीवर पण, आणि गंमत म्हणजे पाचर हीच सगळ्यात जास्त वेळा बदललेली असते, कारण छोटी, सुटी, हरवायला सोपी. लाकडी मूठ काढली तर आतल्या बाजूला शाईनं किंवा पेन्सिलीनं लिहिलेला नंबर पण मिळू शकतो, तो मिळाला की मला तरी सोन्याचं नाणं सापडल्यासारखं होतं.

पाचर वेगळी असेल तर फार मनावर घेऊ नका. सिलेंडर वेगळा असेल तर किंमत चांगलीच उतरते. नळी आणि फ्रेम वेगळी असेल तर ते दोन रिव्हॉल्व्हरचं एक केलेलं आहे, सरळ पार्टच्या भावानं बोला. लष्करी नगांच्या बाबतीत मात्र थोडं समजून घ्यायचं, शिपाई लोक दहा जणांची सफाई एकदम करायचे आणि सिलेंडर इकडचे तिकडे व्हायचे, त्यामुळे तिथे मिसमॅच म्हणजे फसवणूकच असं नाही.

नंबर जुळतात म्हणून हुरळूनही जायचं नाही, कारण नंबर नव्यानं ठोकता येतो. भिंग घेऊन आकड्याची कडा बघा. पंच ठोकला की लोखंड बाजूला सरकून आकड्याभोवती बारीक उंचवटा येतो, दीडशे वर्षांच्या हाताळणीत तो झिजून गुळगुळीत होतो, आकड्याच्या तळाशी काळपट मळ साठतो. नवीन ठोकलेला आकडा बोटाला किंचित खरखरीत लागतो आणि तळ उजळ असतो, किंवा मळ असला तरी तो शाई फासल्यासारखा एकसारखा असतो. आकड्यांचा साचा पण बघा, नळीवरचा ४ आणि फ्रेमवरचा ४ वेगळ्या वळणाचे असतील तर विचारा का म्हणून. आणि आजूबाजूची जागा किंचित खोलगट वाटली तर जुना नंबर घासून काढलाय हे पक्कं.

लोखंडाचं वय

मला ह्या सगळ्या नादात एकच गोष्ट खरी कळली असेल तर ती ही, की चांगल्या रिव्हॉल्व्हरचे सगळे पार्ट एकत्र म्हातारे झालेले दिसतात. एका घरातल्या भावंडांसारखे, कुणी जरा जास्त पिकलेलं, कुणी कमी, पण वळण एकच. नळी करडी-तपकिरी, सिलेंडर खड्ड्यांनी भरलेला आणि घोडा मात्र नवा कोरा, असं असेल तर घोडा पाहुणा आहे.

नवीन असताना कोल्टची नळी आणि सिलेंडर निळसर काळा, ज्याला ब्लूइंग म्हणतात, फ्रेम, घोडा आणि ठासायचा दांडा केस-हार्डनिंगचा, म्हणजे निळा-तपकिरी-करडा असे ढग पसरल्यासारखा, आणि नेव्हीच्या पितळी पट्ट्यांवर बऱ्याचदा चांदीचा मुलामा. ब्लूइंग कुठे जातं? जिथे हात लागतो, जिथे होल्स्टर घासतं: नळीच्या तोंडाशी, कोपऱ्यांवर, सिलेंडरच्या बाहेरच्या बाजूला. आणि कुठे टिकतं? ठासायच्या दांड्याच्या मागे, जिथे नळी फ्रेमला मिळते त्या खाचेत, जिथे कुणाचंच बोट पोचत नाही तिथे. आता उलटं बघा, अख्खी नळी निळी चमकतेय पण तिच्यावरची अक्षरं पुसट आहेत, तर ब्लूइंग नंतर केलेलं आहे. आणि पॅटिना (वयानं लोखंडावर चढलेला रंग) बनावट असेल, म्हणजे अ‍ॅसिड लावून म्हातारं केलेलं, तर ते त्या लपलेल्या खाचांमध्ये पण तितकंच पसरलेलं असतं. खऱ्या वयाला असा पक्षपात न करणं जमत नाही.

नेव्हीच्या आठकोनी नळीवरून नख फिरवा. कोपरे धारदार लागले पाहिजेत. पॉलिशिंगच्या चाकावर धरली गेली असेल तर कोपरे साबणाच्या वडीसारखे गोल होतात, स्क्रूंच्या भोकांभोवती बशीसारखा खळगा पडतो आणि अक्षरं एका बाजूनं ओढल्यासारखी दिसतात. एवढं दिसलं की मी तरी ठेवून देतो. खड्डे परवडले पण चाक नको, कारण खड्डे हा त्या वस्तूचा इतिहास आहे आणि चाक म्हणजे कुणीतरी तो खरवडून काढलाय. निपलांच्या आजूबाजूला खड्डे असणारच, टोपीतला मसाला जळून उरलेली राख लोखंड खाते, उलट तिथे अगदी गुळगुळीत असेल आणि बाकी सगळं झिजलेलं असेल तर सिलेंडरवर संशय घ्या.

लाकूड पण बघा. मूळ मुठीचं लाकूड पितळी पट्टीच्या बरोबरीला किंवा केसभर वर असतं. पट्टी वर आणि लाकूड खाली गेलेलं असेल तर कुणीतरी ते घासून परत वार्निश केलंय. अमेरिकन लष्करी मुठींवर तपासनिसाचा चौकटीतला शिक्का असतो, तो असेल तर भाव वाढतो आणि म्हणूनच तो पण बनावट करतात. नवीन ठोकलेला शिक्का फार टवटवीत दिसतो, आजूबाजूचं लाकूड झिजलेलं आणि शिक्का मात्र ठळक.

रेप्लिका

१९५०च्या दशकाच्या शेवटापासून इटलीमध्ये ह्या रिव्हॉल्व्हरच्या रेप्लिका, म्हणजे हुबेहूब नव्या नकला, बनतात, उबेर्ती, पिएत्ता वगैरे. छान असतात, उडवायला उत्तम, मला त्यांच्याबद्दल काही म्हणायचं नाही. कोल्टनं स्वतः पण १९७१ मध्ये नेव्ही परत काढली होती. भानगड तेव्हा होते जेव्हा कुणीतरी त्या रेप्लिकेला मातीत पुरून, गंजवून, शिक्के घासून अँटिक म्हणून विकतं.

इटालियन मालावर चांदणीखाली 'पीएन' असा काळ्या दारूचा शिक्का असतो आणि चौकटीत वर्षाचा कोड, जुन्यांवर रोमन आकडे, १९७५ पासून दोन अक्षरं. 'ब्लॅक पावडर ओन्ली' असं लिहिलेलं असेल तर प्रश्नच मिटला, १८५१ मध्ये दुसरी पावडर नव्हतीच तर असं लिहायचं कशाला. हे सगळं घासून काढलं असेल तर त्या जागी उथळ खळगा राहतो, नळीवर तिरपा उजेड टाकला की दिसतो.

आणखी दोन खुणा अशा आहेत की तिथल्या तिथे निकाल लागतो. कोल्टच्या मूळ नेव्हीची फ्रेम लोखंडी असते. पितळी पट्टी आणि पितळी कडी वेगळी, फ्रेमच पितळी असेल आणि वर कोल्टचं नाव असेल तर ती मूळ कोल्ट नाही. आणि मूळ नेव्ही .३६चीच होती, .४४ची नेव्ही दिसली तर ती आपल्या आजोबांपेक्षा तरुण आहे.

पितळी फ्रेमचे खरे नग होते, पण ते अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या दक्षिणेकडच्या राज्यांचे. लोखंडाची टंचाई म्हणून जॉर्जियातल्या ग्रिसवोल्डव्हिलमध्ये ग्रिसवोल्ड अँड गनिसन ह्यांनी पितळी फ्रेमची सुमारे ३,६०० बनवली, १८६४च्या नोव्हेंबरमध्ये उत्तरेच्या घोडदळानं तो कारखाना जाळला. त्यांच्या सिलेंडरचं लोखंड पीळ देऊन घडवलेलं असायचं, नीट बघितलं तर पिळाच्या तिरक्या रेघा दिसतात. अर्थात इतकं दुर्मिळ म्हटल्यावर बनावटवाले मागे कसे राहतील, पितळी रेप्लिका घ्यायची, मारून मुटकून जुनी करायची, झालं ग्रिसवोल्ड. नवशिक्यानं दक्षिणेच्या मालाला दोन-चार वर्षं हात लावू नये हे माझं स्पष्ट मत.

दुर्मिळ म्हणजे नक्की काय

वॉकरपासून सुरुवात करू कारण सगळे तिथेच येऊन थांबतात. पॅटरसनची कंपनी बुडाल्यावर कोल्टकडे कारखानाच नव्हता. मेक्सिकोच्या युद्धात कॅप्टन सॅम्युअल वॉकरला घोडदळासाठी दणकट रिव्हॉल्व्हर हवं होतं, दोघांनी मिळून डिझाईन केलं आणि एली व्हिटनी ज्युनियरच्या कनेक्टिकटमधल्या कारखान्यात १८४७ मध्ये १,००० लष्करी आणि १०० खासगी नग बनले. सहा बारी, .४४, नऊ इंची नळी, वजन दोन किलोच्या थोडं वर. एका घरात ६० ग्रेनपर्यंत (जवळजवळ चार ग्रॅम) दारू जायची, आणि तेव्हाचं लोखंड काही एवढं सहन करणारं नव्हतं, त्यामुळे बरेच सिलेंडर फुटले. शिवाय उडवलं की धक्क्यानं ठासायचा दांडा खाली लोंबायचा. वॉकर स्वतः त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लढाईत गेला. थोडेच बनले, त्यातले पुष्कळ फुटले किंवा हरवले, आणि मागणी जगभर, ह्या तीन गोष्टी एकत्र आल्या की काय होतं ते २०१८ मध्ये दिसलं, खासगी मालिकेतला एक वॉकर मूळ पेटीसकट अमेरिकेतल्या लिलावात १८ लाख ४० हजार डॉलरला गेला. लष्करी वॉकरवर नंबराबरोबर कंपनीचं, म्हणजे लष्करी तुकडीचं, अक्षर असतं, ए ते ई. ही माहिती बनावटवाल्यांना पण पाठ आहे.

आता ह्याच्या उलट बघा. रॉजर्स अँड स्पेन्सर नावाचं एक चांगलं दणकट रिव्हॉल्व्हर आहे, अमेरिकन सरकारला १८६५ मध्ये ५,००० पोचली पण तोवर युद्ध संपलं, वाटलीच गेली नाहीत. गोदामात पडून राहिली आणि १९०१ मध्ये बॅनरमन ह्या भंगार-सरप्लसवाल्यानं उचलली. म्हणजे संख्येनं फक्त पाच हजार, कोल्ट आर्मीच्या तुलनेत काहीच नाही, पण आजही जवळजवळ नव्या अवस्थेत मिळतं आणि किंमत डोळे पांढरे करणारी नाही. थोडं बनलंय एवढ्यावर भाव ठरत नाही, अवस्था, मागणी आणि त्याच्या मागचा इतिहास हे सगळं एकदम मोजलं जातं. तीन लाख बनलेलं १८४९चं पॉकेट जर ९० टक्के ब्लूइंग आणि चांदीसकट आलं तर ते एखाद्या कुणालाच माहीत नसलेल्या 'दुर्मिळ' बेल्जियन नगाला सहज मागे टाकतं.

मला विचाराल तर मन अडकतं ते लेमॅटमध्ये. न्यू ऑर्लीन्सच्या जाँ अलेक्झांडर लेमॅटचं, १८५६चं पेटंट, नऊ बारी, आणि सिलेंडर ज्या दांड्यावर फिरतो तो दांडाच एक दुसरी जाड नळी आहे, तिच्यात छर्रे भरायचे. घोड्याचं नाक खाली वळवलं की खालची नळी उडते. तीन हजारांच्या आत बनली, बरीचशी फ्रान्समध्ये. वापरायला बोजड असणार ह्यात शंका नाही, पण असं काहीतरी डोक्यातून काढणाऱ्या माणसाला सलाम.

पेटी आणि कागद

लाकडी पेटी, आत दारूची बाटली, गोळ्यांचा साचा, टोप्यांची डबी, निपलाचा पाना, असं सगळं एकत्र मिळालं की किंमत दुप्पट होऊ शकते, म्हणून लोक वेगवेगळ्या ठिकाणचं गोळा करून जोडी लावतात. पेटीतलं अस्तर बघा. रिव्हॉल्व्हर दीड शतक त्याच जागी पडून राहिलं असेल तर मखमलीवर किंवा बनातीवर घोड्याचा, चापाच्या कडीचा, सिलेंडरचा दाब उमटलेला असतो, तेलाचे डाग बरोबर त्याच जागी असतात. डाग एकीकडे आणि वस्तू दुसरीकडे असेल तर लग्न अलीकडे लागलंय. साचा कुठल्या कॅलिबरचा तेही तपासा, .३६च्या नेव्हीबरोबर .३१चा साचा मी स्वतः बघितलाय आणि विकणारा अगदी शांतपणे 'ओरिजिनल सेट' म्हणत होता.

कागदांच्या बाबतीत कोल्टचं दुखणं असं की हार्टफर्डच्या कारखान्याला फेब्रुवारी १८६४ मध्ये मोठी आग लागली, त्यात बरीच जुनी रेकॉर्ड्स गेली. त्यामुळे ठासणीच्या प्रत्येक कोल्टला कारखान्याचं पत्र मिळेल अशी आशा धरू नका. घराण्याची गोष्ट असेल तर त्या गोष्टीत नंबर आहे का विचारा. जुनं पत्र, जुनी पावती, जुना फोटो, ज्यात हाच नंबर लिहिलेला आहे, तो पुरावा. बाकी सगळी करमणूक.

उघडणं आणि साफ करणं

कोल्ट उघडायला घोडा हाफ-कॉकवर, म्हणजे अर्धा मागे अडकेल एवढा, घ्या, पाचर उजवीकडून डावीकडे लाकडी किंवा नायलॉनच्या हातोडीनं हलकेच सरकवा, लोखंडी हातोडी अजिबात नको. पाचर पूर्ण बाहेर काढायची गरज नसते, तिच्यावरचा स्क्रू तिला अडवतो. नळी घट्ट असेल तर सिलेंडर असा फिरवा की ठासायचा दांडा दोन घरांच्या मधल्या भिंतीवर टेकेल, मग दांडा दाबला की नळी स्वतःच पुढे सरकते. ओढाताण करायची नाही. जुने स्क्रू उगाच खोलू नका, आणि खोलायचेच असतील तर खाचेत बरोबर बसणारं सपाट टोकाचं पातं पाहिजे, नाहीतर स्क्रूच्या डोक्याची खाच ओरबाडली जाते आणि पुढचा प्रत्येक कलेक्टर तुम्हाला शिव्या घालतो.

आता माझा पराक्रम. माझ्या पहिल्या नेव्हीची पितळी कडी काळपट होती, मी रविवारी दुपारी बसून ब्रासो घेतलं आणि आरशासारखी चमकवली. अभिमानानं एका जाणकाराला दाखवली. त्यांनी काहीच म्हटलं नाही, भिंग माझ्या हातात दिलं आणि कडी फ्रेमला जिथे मिळते तो आतला कोपरा दाखवला. तिथे नखाएवढी जागा, माझं फडकं पोचलं नव्हतं तेवढीच, काळसर-रुपेरी होती. चांदीचा मूळ मुलामा. बाकी सगळा मी फडक्यावर पुसून टाकला होता.

म्हणून पॉलिश नाही, तारेचा ब्रश नाही, सँडपेपर तर नावच काढू नका. मऊ सुती कापड, थोडं हलकं तेल, पुसून कोरडं करणं, आणि वर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ थर, म्युझियमवाले वापरतात ते रेनेसाँ वॅक्स, ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेतच तयार झालेलं. ताजा लाल गंज असेल तर तेल लावून एक दिवस ठेवा आणि मग कापडानं पुसा, तपकिरी जुना पॅटिना जागचा हलवू नका. हाताळताना हातमोजे घाला, घामातलं मीठ दोन दिवसांत बोटांचे ठसे गंजात उमटवतं. आणि चामड्याच्या होल्स्टरमध्ये कधीच ठेवून देऊ नका, चामडं ओल धरतं, त्यातलं टॅनिंगचं रसायन लोखंड खातं.

कायदा, थोडक्यात

अमेरिकेत १८९८ किंवा त्याआधी बनलेली हत्यारं केंद्रीय कायद्यात अँटिक धरली जातात, पण राज्यांचे नियम वेगळे असू शकतात. ब्रिटनमध्ये १९६८च्या फायरआर्म्स अ‍ॅक्टमध्ये कुतूहल किंवा शोभेची वस्तू म्हणून ठेवलेल्या अँटिकला सूट आहे, उडवायचा विचार केलात की सूट संपली. तुम्ही जिथे राहता तिथला नियम खरेदीच्या आधी लेखी विचारून घ्या. परदेशातून मागवणं हा तर वेगळाच अध्याय, कस्टममध्ये अडकलेलं रिव्हॉल्व्हर तुमचंही नसतं आणि विकणाऱ्याचंही.

पहिलं कुठलं घ्यावं

आधी सहा महिने काहीच घेऊ नका, नुसतं बघा. हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनियममध्ये कोल्टच्या बायकोनं दिलेला संग्रह आहे, इंग्लंडमध्ये लीड्सला रॉयल आर्मरीज आहे, जायला जमलं तर उत्तम, नाहीतर म्युझियमनी स्वतः टाकलेले मोठे फोटो झूम करून बघा. खरं ब्लूइंग, खरे कोपरे, खरी अक्षरं डोळ्यांत बसली पाहिजेत. हजार वेळा खरं बघितलं की खोटं आपोआप टोचतं.

मग एक १८४९चं पॉकेट घ्या, नंबर जुळणारं, थकलेलं पण प्रामाणिक. भरपूर बनलीत म्हणून तुलना करायला भरपूर मिळतात, चूक झाली तरी दिवाळं निघत नाही. घेतल्यावर एक वही करा, त्यात प्रत्येक पार्टवरचा नंबर, कुठे किती ब्लूइंग उरलंय, कुठला स्क्रू ओरबाडलेला आहे, कुणाकडून कधी घेतलं आणि विकणाऱ्यानं काय सांगितलं हे त्याच्याच शब्दांत लिहा. माझ्या वहीत नेव्हीच्या पानावर चापाच्या कडीसमोर लिहिलंय: 'चांदी: आतल्या डाव्या कोपऱ्यात, ४ मिमी. बाकी मी पुसली.'